एकाच पुस्तकाच्या दहा प्रती कुठे मिळतील?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवार पुरवणीत वाचनसंस्कृतीवर लेख आला होता तो कुणीतरी आमच्या ग्रुपवर टाकला आणि मग त्यावरच बोलणं चाललं, म्हणून हे पत्र. लेखाचा सूर असा की लोक आता वाचत नाहीत, मोबाईलने सगळं खाऊन टाकलं. मला हे पटत नाही. निदान आमच्या भागात तरी लोकांना वाचायचंय, वाचलेल्यावर चार माणसांत बसून बोलायचंय, आणि त्यासाठी ते ड्युटी संपवून, स्वयंपाक उरकून येतात. अडतंय ते पुस्तकाच्या प्रतींवर आणि बसायच्या जागेवर, आणि या दोन गोष्टींबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहितेय.

आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. आमचा वाचनकट्टा आहे, नाव वगैरे काही ठेवलेलं नाही, कट्टाच म्हणतो. महिन्यातून एकदा शनिवारी संध्याकाळी भेटतो. अंबड एमआयडीसीत काम करणारे दोघं-तिघं आहेत, त्यांची शिफ्ट बदलली की आमचा शनिवारही पुढे-मागे होतो. शिवणकाम करणाऱ्या एक ताई आहेत, तालुक्याच्या वाचनालयातून रिटायर झालेले एक काका आहेत, दोन शिक्षिका, एक मेडिकलवाला, इंजिनिअरिंगला असलेली एक मुलगी, आणि एक आजी आहेत ज्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्या बरंचसं ऑडिओवर ऐकतात आणि तरी सगळ्यात जास्त त्यांनाच लक्षात असतं. सगळी मिळून दहा-बारा माणसं.

आधी पुस्तक मतदानाने ठरायचं. ग्रुपवर पोल टाकायचा आणि ज्याला जास्त मतं ते पुस्तक. ऐकायला अगदी बरोबर वाटतं पण त्यात काय होतं तर प्रत्येक जण आपल्याला माहिती असलेल्या नावाला मत देतो, मग तीच ती चार-पाच गाजलेली जाडजूड ऐतिहासिक-पौराणिक पुस्तकं वर येतात जी निम्म्यांनी कॉलेजात वाचलेली असतात, आणि मीटिंगला लोक त्यांची तेव्हाची मतं परत सांगतात. पुस्तकं वाईट नाहीत ती, पण नवीन काही घडत नाही. मग वाचनालयवाले काका म्हणाले की मत बंद, पाळी लावा. म्हणजे ज्याची पाळी तो सांगेल ते पुस्तक सगळ्यांनी वाचायचं, नाक मुरडायचं नाही. सुरुवातीला लोकांना हे जबरदस्तीचं वाटलं पण याच नियमाने आमचा कट्टा टिकला असं माझं ठाम मत आहे. कारण पाळी आली की माणूस विचार करतो, मला काय आवडतं ते नाही, या सगळ्यांनी काय वाचावं असं मला वाटतं ते. हा फार वेगळा विचार आहे.

एमआयडीसीतल्या दादांनी त्यांच्या पाळीला बाबुराव बागुलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’ सांगितलं. १९६३ चा कथासंग्रह. बागुल जन्मले विहितगावला, गेले २००८ मध्ये नाशकातच, विहितगाव आमच्याकडून रिक्षाने जाण्याइतकं जवळ, आणि कट्ट्यातल्या निम्म्या लोकांनी त्यांचं एक पानही वाचलेलं नव्हतं. मतदान असतं तर हे पुस्तक कधीच आलं नसतं. त्या दिवशीची मीटिंग मी विसरणार नाही. शीर्षककथेत एक जण रेल्वेत नोकरीला लागतो, खोली मिळत नाही म्हणून जात लपवून भाड्याने राहतो आणि पुढे ते उघड होतं तेव्हा त्याला मारतात. एका शिक्षिका म्हणाल्या की कथा फार ताकदीची आहे पण आता तो काळ राहिला नाही. दादा थोडा वेळ काही बोलले नाहीत आणि मग त्यांनी सांगितलं की नाशकात ते खोली शोधत होते तेव्हा भाडं, डिपॉझिट सगळं ठरल्यावर मालकाने आडनाव विचारलं आणि दुसऱ्या दिवशी फोन करतो म्हणाला. फोन आला नाही. असं किती ठिकाणी झालं तेही सांगितलं. शिक्षिकाबाईंनी वाद घातला नाही, मला अजून सांगा म्हणाल्या. ती मीटिंग रात्री साडेनऊपर्यंत चालली. इतकी वर्षं एकाच रस्त्यावर राहणारी माणसं आम्ही, हे बोलणं त्याआधी कधी झालं नव्हतं, ते त्या एका पुस्तकाने झालं. म्हणून कुणी मला म्हणालं की बुक क्लब म्हणजे रिकामटेकड्यांचा टाईमपास, तर मला मनापासून वाईट वाटतं.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या पुस्तकाची आमच्या जवळच्या वाचनालयात एकच प्रत होती. जुनी, शिलाई करून रेक्झिनची बांधणी केलेली, पहिल्या पानावर दाखलनोंद क्रमांक, आणि मागे तारखेचे शिक्के मारायची चिठ्ठी चिकटवलेली. त्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का कित्येक वर्षांपूर्वीचा होता. म्हणजे पुस्तक कपाटात नुसतं बसून होतं आणि मग एकाच महिन्यात आम्ही दहा जण त्याच्यामागे. वाचनालयाचा नियम पंधरा दिवसांचा. एकाने चार दिवसांत संपवून परत करायचं, दुसऱ्याने लगेच स्वतःच्या नावावर घ्यायचं, तोवर तिसऱ्या माणसाने तिथे हजर राहायचं नाहीतर मध्येच कुणी बाहेरचा घेऊन जाईल. दोघांनी विकत घेतलं, एकाला ऑनलाईन मिळालं पण ते मीटिंग झाल्यावर पोचलं. आणि मग व्हायचं तेच झालं, ग्रुपवर कुणीतरी पीडीएफ टाकली.

पीडीएफवर आमच्यात खूप वाद झाला आणि मी त्यात सगळ्यात जास्त बोलले. मला ते चालत नाही. आपल्याकडे कॉपीराइट लेखक गेल्यानंतर साठ वर्षं असतो. बागुल गेले २००८ ला, म्हणजे त्यांच्या लेखनावर त्यांच्या घरच्यांचा अजून कितीतरी वर्षं हक्क आहे. ज्या माणसाने जात चोरावी लागते म्हणून कथा लिहिली त्याचंच पुस्तक आपण चोरून वाचायचं हे मला बघवत नाही. पण समोरून जे उत्तर आलं तेही मला खोटं म्हणता येत नाही. शिवणकामवाल्या ताई म्हणाल्या, ताई दर महिन्याला तीनशे-चारशेचं पुस्तक मी कुठून घेऊ, एका ब्लाऊजचे मला किती मिळतात. बरोबर आहे त्यांचं. त्यांना पीडीएफ वाचू नका सांगायचं असेल तर हातात पुस्तक द्यायला पाहिजे, आणि ते द्यायचं काम सार्वजनिक वाचनालयाचं आहे.

आणि इथे आपली पद्धतच अशी बसलीय की वाचनालयात एका पुस्तकाची एक प्रत. काकांनी आयुष्यभर हेच काम केलंय, त्यांनी समजावून सांगितलं. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा आहे, त्याखाली वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान. वर्ग ठरताना एकूण ग्रंथ किती, सभासद किती, वर्तमानपत्रं किती असं बघतात. अनुदानात नोकरांचे पगार निघताना मारामार, मग उरलेल्या पैशात जास्तीत जास्त वेगवेगळी पुस्तकं घ्यावीत असंच कुठल्याही ग्रंथपालाला वाटणार, एकाच पुस्तकाच्या दहा प्रती घेतल्या तर कमिटीच विचारेल की हे काय. काकांचा त्यात दोष नाही, कुठल्याच ग्रंथपालाचा नाही. केरळात मालमत्ता करावर ग्रंथालय अधिभार आहे, तो वाचनालयांकडे जातो, आपल्या कायद्यात तसा करच नाही. तो आणावा की नाही हा मोठा विषय आहे, मी त्यात शिरत नाही, मला फक्त दहा प्रतींचं बोलायचंय.

नाशिककरांना कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रम माहितीच आहे. विनायक रानडेंनी २००९ ला सुरू केला आणि इथून निघालेल्या पेट्या पार परदेशातल्या मराठी लोकांपर्यंत गेल्या. लोकांच्या देणगीतून पुस्तकं येतात, पेटी एका गटाकडे जाते, गट ती आपसात वाचतो आणि मग पेट्यांची अदलाबदल होते. माझ्या नात्यातल्या एका वहिनींच्या सोसायटीत अशी पेटी होती, तिने किती घरांत पुस्तक नेलं ते मी बघितलंय, त्याबद्दल मला फार आदर आहे. पण त्या पेटीत सगळी पुस्तकं वेगवेगळी असतात, आणि ते बरोबरच आहे कारण तिचा हेतू प्रत्येकाला आपापलं वाचायला मिळावं हा आहे. मला जी पेटी पाहिजे ती वेगळी. एकाच पुस्तकाच्या दहा प्रती, एका पेटीत, एका कट्ट्याला, दोन महिन्यांसाठी. ब्रिटनमध्ये, अमेरिकेत बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांत असे बुक क्लबचे संच मिळतात, एका माणसाच्या कार्डावर अख्खा संच, सोबत चर्चेसाठी एक-दोन पानं. आपल्याकडे ते अवघड आहे असं मला वाटत नाही.

हिशोब करून बघा. नाशिक जिल्ह्यात तालुके पंधरा. प्रत्येक तालुक्याला एक संच दिला तर पंधरा पुस्तकं, प्रत्येकाच्या दहा प्रती, झाल्या दीडशे प्रती. सरासरी तीनशे रुपये धरले तर पंचेचाळीस हजार. एवढ्यात अख्खा जिल्हा भागतो, कारण दोन महिन्यांनी निफाडचा संच सिन्नरला, सिन्नरचा इगतपुरीला असा फिरवायचा, म्हणजे अडीच वर्षं कुठल्याही तालुक्याला तेच पुस्तक परत येणार नाही. एखाद्या कार्यक्रमाच्या मांडव-हारतुऱ्यात याच्यापेक्षा जास्त जातात. नाशकात २०२१ ला साहित्य संमेलन झालं, आम्ही सगळे गेलो होतो, पुस्तकांच्या स्टॉलवर गर्दी होती, मला ते आवडलं होतं. पण संमेलन तीन दिवसांचं, हा संच अडीच वर्षं फिरेल.

यात प्रकाशकांचंही भलं आहे. मराठीत पहिली आवृत्ती साधारण हजार प्रतींची, हल्ली त्याहूनही कमी काढतात. महाराष्ट्रात जिल्हे छत्तीस. प्रत्येक जिल्ह्याने एखाद्या नव्या पुस्तकाचा एक संच घेतला तर तीनशे साठ प्रती तिथेच गेल्या, म्हणजे हजारातली तिसरा हिस्सा आवृत्ती संपली. नव्या लेखकाच्या दृष्टीने ही केवढी मोठी गोष्ट आहे, आणि त्या प्रती कपाटात नाही तर माणसांच्या हातात जाणार.

दहा प्रती सारख्याच पाहिजेत हेही मला मुद्दाम सांगायचंय कारण त्यावरून आमच्याकडे एक अख्खी मीटिंग गोंधळात गेली. माझ्या पाळीला मी लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ दिलं होतं. लक्ष्मीबाईंचा जन्म आपल्या इथल्या जलालपूरचा, १८६८ चा, शाळेत न गेलेली बाई, आणि काय लिहिलंय. मूळ पुस्तक १९३४ ते १९३६ च्या दरम्यान चार भागांत आलं. आता लक्ष्मीबाईंना जाऊन ऐंशी-नव्वद वर्षं होत आली, कॉपीराइट कधीच संपला, त्यामुळे बाजारात कितीतरी प्रकाशकांच्या आवृत्त्या आहेत. आम्हाला वाटलं चला, हे तरी सहज मिळेल. मिळालं पण प्रत्येकाला वेगळं. कुणाकडे चारही भागांची पूर्ण आवृत्ती, कुणाकडे साहित्य अकादेमीची संक्षिप्त, कुणाकडे कुठल्या तरी तिसऱ्याच प्रकाशकाची बारीक टायपातली. ताईंनी एक प्रसंग सांगायला सुरुवात केली तर मेडिकलवाले दादा म्हणाले असं काही पुस्तकात नाहीच, आणि खरंच त्यांच्या प्रतीत तो नव्हता. पानांचे नंबर जुळेनात. आमच्याकडे पद्धत अशी आहे की प्रत्येकाने खूण करून आणलेलं एक पान मोठ्याने वाचायचं, मग बाकीच्यांनी ते पान उघडायचं आणि त्यावर बोलायचं. ती पद्धतच त्या दिवशी चालेना.

तरी त्या मीटिंगमध्ये ताईंनी जे वाचलं ते सांगते. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचा भाग. घरात धुणं-पुसणं, शिवाशिव, सगळं घर त्या एका माणसाच्या सोवळ्याने कसं धाकात असायचं ते. ताई फार शिकलेल्या नाहीत, आधी वाचायला लाजायच्या, चुकलं तर लोक हसतील म्हणून. पण लक्ष्मीबाईंची भाषा अशी आहे की ती ताईंच्या तोंडून जशी शोभली तशी आम्हा शिकलेल्यांच्या तोंडून शोभली नसती. घरातल्या बाईने ओट्याजवळ उभं राहून सांगावं तसं. ऐकून आम्ही हसत होतो आणि हसता हसता आजी म्हणाल्या, अगं पण ही हसून सांगतेय, तिच्या आईचं काय झालं असेल त्या घरात. मग त्यावर बोलणं झालं. पुढच्या वेळेपासून ताई स्वतःहून वाचायला लागल्या. त्यांना वाचनसंस्कृती वगैरे शब्दांशी देणंघेणं नाही, त्यांना पुढचं पुस्तक कधी मिळणार ते पाहिजे असतं.

निवडीबद्दल अजून एक. आम्ही काही गोष्टी अनुभवातून ठरवल्यात, कुणाला नवीन कट्टा सुरू करायचा असेल तर उपयोगी पडतील. पुस्तक शक्यतो दोनशे पानांच्या आतलं, नाहीतर शिफ्टवाल्यांचं होत नाही. कविता असेल तर अख्खा संग्रह नाही, पाच-सहा कविता. वाचून झालं नाही तरी यायचं, पण त्याने आधी ऐकायचं आणि बोलायचं शेवटी. खायला फक्त चहा आणि भाजलेले शेंगदाणे, हे फार महत्त्वाचं आहे, कारण आधी ज्यांच्या घरी मीटिंग त्यांच्याकडे पोहे, मग पोह्यांच्या पुढे ढोकळा, मग पावभाजी असं वाढत गेलं आणि त्या घरची बाई मीटिंगभर आतच. तिनेही पुस्तक वाचलेलं असायचं आणि तिला बोलायलाच मिळत नव्हतं. हा नियम लागल्यापासून बायका जास्त बोलायला लागल्या हे कुणीही येऊन बघावं. ग्रुपवर गुड मॉर्निंग आणि फॉरवर्ड बंद. आणि राजकारणावर बोलायला बंदी नाही, फक्त बोलणं पुस्तकाच्या धाग्याने यायला पाहिजे.

आता जागेचं. वाचनालयात बसून बोलता येत नाही कारण शांतता पाळा. ते योग्यच आहे. महापालिकेच्या अभ्यासिका स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींनी भरलेल्या असतात, त्या बिचाऱ्यांना आपण उठवायचं नाही. सोसायटीच्या हॉलला भाडं. एका मंदिराच्या सभामंडपात आम्ही काही महिने बसलो, तिथल्या लोकांनी प्रेमाने जागा दिली, पण भजनाची वेळ बदलली आणि आमची वेळ गेली. घरोघरी बसायचं तर वन रूम किचनवाल्यांना संकोच वाटतो, त्यांची पाळी आली की ते येईनासे होतात. मला वाटतं महापालिकेच्या शाळा शनिवारी संध्याकाळी रिकाम्या असतात, त्यातला एक वर्ग महिन्यातून एकदा तीन तास उघडून द्यायला फार काही लागत नाही. लाईटबिल आम्ही भरू, झाडून आम्ही ठेवू. बाकड्यांवर बसायला आम्हाला काहीच अडचण नाही. नाशकात १८४० सालापासून सार्वजनिक वाचनालय आहे, देशात फार थोड्या शहरांना हे सांगता येतं. अशा शहरात पुस्तकावर बोलायला दहा माणसांना जागा मिळू नये हे मला बरोबर वाटत नाही.

तर माझी मागणी एवढीच आहे. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांनी आधी पंधरा नको, तीनच संच करून बघावेत. एक आत्मचरित्र, एक कथासंग्रह, एक अगदी नवीन लेखकाचं पुस्तक. ते कट्ट्यांना नोंद करून द्यावेत, डिपॉझिट घ्यावं, प्रत हरवली तर आमच्याकडून भरून घ्यावी. कुठली तीन पुस्तकं ते वाचकांनाच विचारा, पण पोल नका घेऊ, पाच-सहा कट्ट्यांना एकेक पुस्तक सुचवायला सांगा. काका म्हणालेत की नोंदवह्या आणि बांधणीचं काम ते स्वतः विनामूल्य करून देतील, आणि संच एका ठिकाणाहून दुसरीकडे पोचवायला आमच्यातल्या दोघांकडे गाडी आहे. आणि तुम्हालाही एक विनंती, तुमच्या शहर पानावर व्याख्यानांच्या सूचना येतात तिथेच कुठला कट्टा या महिन्यात काय वाचतोय हे एका ओळीत छापलं तर आजूबाजूच्या कट्ट्यांना आपसात प्रती बदलून घेता येतील.

आमच्या पुढच्या मीटिंगला इंजिनिअरिंगवाल्या मुलीची पाळी आहे आणि तिने विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ सांगितलंय, १९३९ चं. आत्ता आमच्याकडे चार प्रती आहेत, अजून सहा पाहिजेत. सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा या भागात कुणाकडे असेल आणि महिनाभर देता येत असेल तर आमचा पत्ता तुमच्या कार्यालयात ठेवलाय, कव्हर घालून वापरू आणि वेळेवर परत करू.

आपली,
एक वाचक, सिडको, नाशिक